विमलकाकूंच्या गच्चीवरचे बावटे

आमच्या बोरीत समुद्र न्हाई. कुठल्या दिशेला हाय हे बी गल्लीत कुनाला सांगता यायचं न्हाई. पन आमच्या गल्लीत वादळाचे बावटे लागतेत. विमलकाकू लावतेत, त्यांच्या गच्चीवरच्या बांबूला. एक लाल परकर लागला म्हंजे वादळ लांब हाय, नुसतं ध्यान ठेवा. दोन लागले म्हंजे घरात पानी भरून ठेवा, मेनबत्त्या आनून ठेवा. तीन म्हंजे लेकरं घरात घ्या. आन चार लागले तर दाराची कडी काढायचीच न्हाई, कोनबी येऊ द्या. मॉरिशसला असंच असतंय म्हने, तिथं सरकारी इमारतीवर लाल बावटे लागतेत. बोरीत सरकार बावटा लावत न्हाई म्हनून काकूंचा परकर.

मी पेडगावची. लगीन होऊन बोरीत आले तवा दुसऱ्याच दिवशी सकाळी बगते तर शेजारच्या गच्चीवर दोन लाल परकर फडफडायलेत, एक मोठा आन एक बारका, जरीच्या काठाचा. मी सासूबाईला भीत भीत इचारलं, "त्यांच्याकडं कुनी वारलं का?"

"न्हाई गं. वादळ यायलंय."

मी दिवसभर आभाळाकडं बगत बसले. ढगाचा ठिपका न्हाई. संध्याकाळी परकर उतरले. "गेलं का वादळ?" म्हनलं. "गेलं आसंल," सासूबाई म्हनल्या आन भाकरी थापायला बसल्या.

गंमत अशी की बोरीत खरंच वारं सुटून पत्रे उडायले तवा काकूंचा बांबू मोकळा असतोय. आन कडक उन्हात परकर. समोरच्या तात्यांनी एकदा काकूंवर भरवसा ठेवून वाळू घातलेली तूर दोन दिवस ताडपत्रीखाली झाकून ठेवली. वर चटके बसनारं ऊन. मंग तात्या आले, म्हनले, "वैनी, कुठं हाय तुमचं वादळ?"

"येऊन गेलं की," काकू म्हनल्या. "तुमच्याकडं नाही आलं त्याला मी काय करू?"

काकू म्हंजे गुरुजींच्या बायको. गुरुजी शाळेवर होते, आता न्हाईत. लेक एकच, मंजूताई. जावई मॉरिशसला कंपनीत. मंजूताईच्या पहिल्या बाळंतपनाला काकू तिकडं जाऊन आल्या, आन तवापासून त्या राहतेत बोरीत पन असतेत तिकडंच. दूधवाल्याला रामराम न्हाई, बोंझूर. गिरनीवाल्याला बोंझूर. एसटीत चढता चढता कंडक्टरला बोंझूर म्हनल्या तर तो म्हनला, "मावशी, गाडी जिंतूरलाच जाती, दुसरीकडं न्हाई जात." एखादी गोष्ट पार पडली की "कोरेक". भाजी निवडून झाली, कोरेक. कुनाचं लगीन जमलं, कोरेक. गुरुजींचं तेरावं नीट पार पडल्यावर भटजींपुढं हात जोडून, डोळ्यात पानी, आन तोंडात कोरेक. भटजींनी बी मान हालवली.

सगळी गल्ली हसायची. मी बी हसायचे. मंग माझ्यावरच आलं.

आरूचे पप्पा, म्हंजे माझे मालक, एसीचं काम शिकलेत. ते गेल्या वर्षी मॉरिशसला एका हॉटेलात लागले. योगायोगच म्हना, न्हाईतर काकूंनीच त्यांच्या डोक्यात भरवलं म्हना. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला, खोली भेटली, साहेबानं कागदं केलीत, तू आन आरू या. मी "हो" म्हनले आन फोन ठेवून मोरीत जाऊन रडले. मी नववीतून शाळा सोडलेली. परभनीच्या मॉलमधला सरकता जिना बगून मी आरूला उचलून उलट्या पावली आले होते. येलदरीचं धरन बगितलं तरी मला घेरी येती, आन इथं चारी बाजूनं पानी, मधी एवढूसा देश. आरू दीड वर्षाची. रातीबेराती ताप आला, तर डागदरला काय सांगू, कुठल्या भाषेत सांगू. हेच मला दिवसभर सुचायचं. दुसरं काही सुचायचं न्हाई.

सासूबाई म्हनल्या, "काकूकडं जा. तिला सगळं मालूम हाय."

काकूंनी मला बगितलं न बगितलं आन पदर खोचला. "ये. आता तुझी शाळा."

रोज दुपारी शाळा भरायची. आरू चटईवर वाटी-चमचा वाजवायची आन काकू सांगायच्या. हातात लसून असायचा, सोलत सोलत देश सांगायच्या.

"पहिली गोष्ट, भिऊ नको, तिथं आपले मराठी लोक आहेत. आजचे नाहीत, आज्याच्या आज्याचे. उसाच्या कामाला नेले होते जहाजातून. मराठी काहींना येतं काहींना नाही येत, पण गणपतीला बरोबर येतात, आणि गणपतीची सुट्टी असती, सरकारी. लोक क्रिओल बोलतात, कागद इंग्रजी, पेपर फ्रेंच. कुठं बी बघशील तिकडं ऊस. मधी काळे दगडाचे ढीग. आणि उन्हाळा कधी असतो सांग."

"उन्हाळ्यात."

"तसं नाही तिथं. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा, तेव्हा गुलमोहर फुलतो. आपल्या आखाडात तिथं स्वेटर. महाशिवरात्रीला लोक पांढरे कपडे घालून चालत तळ्यावर जातात, डोंगरात तळं आहे, त्याला गंगाच म्हणतात. दुकानं दिवेलागणीला बंद. लय शांत. तू संध्याकाळी दळण आणते म्हणशील तर नाही चालायचं."

"दळन बी भेटतंय?"

"पीठच भेटतं. आणि दालपुरी. रस्त्यावर गाड्यावर मिळती. आपल्या पुरणाच्या पोळीसारखी, पण पुरण तिखट, आत वाल आणि टमाट्याची चटणी, कागदात गुंडाळून देतात, उभ्यानं खायची. समुद्राला भ्यायचं नाही. किनाऱ्यापासून लांब खडकाचं कुंपण आहे पाण्यात, लाटा तिथंच फुटतात, आत पाणी ताटातल्यासारखं. फक्त बूट घालून उतरायचं, तळाशी काट्याचे किडे असतात."

मला वाटायचं, काकूंना काय काय मालूम हाय. पार समुद्राच्या तळापर्यंत.

मंग विमान. दोन खुर्च्या, माझ्या कमरेला नाडी बांधायची, आरू मांडीवर, आन काकू पुढून चालत यायच्या, ताटात पानी घेऊन, हवाईसुंदरी. "आता वर चाललं. कान दडपतील. पाज तिला." मी पदर घ्यायचे. "कोरेक." मंग काकू शिलाई मशीनमागं जाऊन बसायच्या, गुरुजींचा चष्मा लावून. तो विमानतळावरचा साहेब. "कुठून आलात? किती दिवस राहणार? बॅगेत खायचं काय आहे?" मला खरंच घाम फुटायचा. एकदा मी रडायलाच लागले तर साहेबानं उठून माझं नाक पुसलं.

बॅगेचं काकूंना स्वतःवरून मालूम. पहिल्या खेपेला त्यांनी बाळंतिणीसाठी बॅगेत कढीपत्ता, घरची ज्वारी आन खाली लुगड्यात गुंडाळून गोवऱ्या नेल्या होत्या. शेकायला. तिथल्या साहेबानं हातमोजे घालून एक गोवरी वर धरली, उजेडाकडं फिरवून बगितली. जावई बाहेर उभे. "मी म्हणलं, साहेब, गाईची आहे, स्वच्छ आहे. त्यांनी सगळं ठेवून घेतलं. पण वागायला सभ्य, बरं का."

पन काकू हार मानायच्या न्हाईत. लेक बाळंत झाली, घरी आली, आन शेक-शेगडी न्हाई म्हंजे काय. काकूंनी कढईत नारळाच्या करवंट्या पेटवल्या, वरून ओवा, शेपा, धूप, मंजूताईला खाटेवर झोपवलं, कढई खाटेखाली, बाळाला धुरावर धरलं. आमच्याकडं सगळ्यांचं असंच होतंय, आरूला बी असंच केलंय. पन तिथं छताला एक पांढरी डबी होती. ती डबी वरडायला लागली. मंग जिन्यातली वरडायला लागली. मंग सगळी इमारत. वरपासून खालपर्यंत लोक चड्डी-बनियनवर खाली. आन लाल गाडी आली, पाईप घेऊन टोपीवाली मानसं दारात.

"मग?" मी दरवेळी इचारायचे, जरी मला पाठ होतं.

"मग काय. दारात आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं? डिंकाचे लाडू होते. एकेकाला एकेक दिला. त्यांनी खाल्ले. त्यांचा मोठा साहेब म्हणला, कोरेक."

आमी दोघी हसून हसून बेजार व्हायचो. आरू बी हसायची, तिला काय कळतंय. हसून झालं की काकू लसून गोळा करायच्या आन म्हनायच्या, "जावयांनी लय माफी मागितली सगळ्यांची. दार वाजवून वाजवून." तेवढंच. तवा मला त्यात काही वाटलं न्हाई.

मंजूताईचा फोन रविवारी यायचा. काकू फोन सोबत घेऊन फिरायच्या, मोरीत जाताना बी दाराच्या फळीवर. काकूंना फोन करा, पुरी रिंग वाजूच देत न्हाईत, लगेच उचलतेत. मंजूताईचं बोलनं चहा उकळायच्या आत संपायचं.

जानेवारीत तिकीट आलं. ह्यांनी मोबाईलवर पाठवलं, त्याच्यावर माझं नाव, आरूचं नाव. ते बगितल्यापासून मला जेवन जाईना. आरू खोकली की मी उठून बसायचे. शेवटी मी मनात पक्कं केलं, न्हाई जायचं. ह्यांना सांगायचं, तुमीच या. वर्षातून एकदा या, पन मला नका बोलावू. सासूबाईला सांगायची हिंमत न्हाई म्हनून म्हनलं आधी काकूंना सांगावं.

त्या दिवशी आमच्याकडं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बाया जमल्या होत्या, आन सगळ्या वर बगून तोंडाला पदर लावून हसायल्या. काकूंच्या बांबूला तीन लागले होते. बारका जरीचा, मोठा परकर, आन खाली लाल टॉवेल. बाहेर असं ऊन, की डोळे मिटावे. एक जनी म्हनली, "तीन नंबर हाय बायांनो, लेकरं घरात घ्या." दुसरी म्हनली, "म्हातारीला एकटं राहून राहून झालंय असं."

गुरुजी गेल्यापासून काकू हळदीकुंकवाला येत न्हाईत. मी तिळगुळाची वाटी घेतली, आरूला काखेत घेतलं आन त्यांचा जिना चढले.

काकू गच्चीवर पालथ्या घमेल्यावर बसल्या होत्या. हातात फोन. उन्हानं तोंड लाल झालेलं. मला बगून बोंझूर न्हाई, काही न्हाई.

"लागत नाही," म्हनल्या.

"काय?"

"फोन. सकाळपासून तीन नंबर आहे तिकडं. टीव्हीवर नाही दाखवत आपल्याकडं, मोबाईलवर बघते मी. वीज गेली असंल. टॉवर गेला असंल. घरं सिमेंटची असतात, काही होत नाही. पाणी भरून ठेवलं असंल तिनं. दोन लेकरं आहेत तिच्याजवळ."

मी वर बांबूकडं बगितलं. आन मंग मला कळलं. एवढे दिवस आमी सगळी गल्ली बोरीच्या आभाळाकडं बगून हसायलो होतो.

"काकू," म्हनलं, "मंग इथं कशाला लावता बावटे?"

"मग कुठं लावू?"

मी आरूला खाली सोडलं. ती घमेल्याला धरून उभी राहिली.

"हा बारका मंजूचा," काकू म्हनल्या. "चौथीत होती तेव्हा शाळेत नाचायला शिवला होता. आधी हा लावते, मग बाकीचे."

"मंजूताईला मालूम हाय का?"

"तिला कशाला सांगायचं? हसंल. तू बी सांगू नको."

मंग मी एका दमात सांगून टाकलं. न्हाई जायचं मला, मला भ्या वाटतंय, इमानाचं वाटतंय, पान्याचं वाटतंय, आरूला काही झालं तर मला सांगता येनार न्हाई, तुमच्यासारखी हिंमत न्हाई माझ्यात. मला वाटलं काकू रागवतेल. एवढी शाळा घेतलेली.

काकू फोनकडंच बगत होत्या. "मी समुद्रात पाय नाही घातला," म्हनल्या.

"आं?"

"गाडीतून बघितला, एकदा, विमानतळावरून येताना. ते खडक, ते काटे, तळं, सगळं मंजूनं सांगितलेलं. मंजू म्हणायची, आई चल, बाजारात जाऊ, किनाऱ्यावर जाऊ. मी म्हणायची बाळ लहान आहे. बाळाचं नाव सांगून घरात बसले. दालपुरी बी तिनं आणून दिली, ती थंड झालेली. त्या लाल गाडीच्या भानगडीनंतर तर खिडकीपाशीच बसून होते. आपण काही केलं की तिला माफी मागावी लागती. दुसऱ्या बाळंतपणाला नाही बोलावलं, बाई ठेवली होती. बरोबरच आहे. आता तिथंच सोय असती."

मी त्यांच्या जवळ खाली बसले.

"खालच्या मजल्यावर एक म्हातारी होती," काकू म्हनल्या. "रोज झाडांना पाणी घालताना वर बघून हात करायची. बोंझूर म्हणायची. मला तेवढा एक शब्द पाठ होता. रोज ठरवायची, आज म्हणायचं. तोंडातून निघाला नाही. परत यायच्या दिवशी बी नाही निघाला. इथं आल्यावर कंडक्टरला म्हणते."

खाली बाया हसत हसत आपापल्या घरी जायला लागल्या. आरूनं वाटीतले तीळ सांडले आन एकेक उचलून तोंडात घालायला लागली.

तेवढ्यात फोन टुंग वाजला. काकूंनी चष्मा नीट केला, लांब धरून वाचलं. मंजूताईचं होतं. सगळे बरे, वीज नाही, फोन करू नको, बॅटरी वाचवते.

"कोरेक," काकू म्हनल्या. उठल्या, आन बावटे काही काढले न्हाईत. "अजून गेलं नाही तिकडनं. गेल्यावर काढीन." मंग माझ्याकडं बगून म्हनल्या, "तू बाहेर पड तिथं. माझ्यासारखी बसू नको. पहिल्या दिवशीच पड, नाहीतर मग पडणं होत नाही. आणि पोरीला ताप आला तर म्हणायचं, मो बाबा मलाद. तिथं लेकराला बाबाच म्हणतात. म्हण."

"मो बाबा मलाद."

"मोठ्यानं. डॉक्टर काय गच्चीवर आहे का?"

मी मोठ्यानं म्हनले. समोरच्या तात्यांनी वर बगितलं.

जायच्या दिवशी काकू मागं सरकायल्या, पन सासूबाईनं त्यांनाच पुढं केलं, आन त्यांनी माझी ओटी भरली. तांदूळ, सुपारी, हळकुंड, सगळं रीतीनं पदरात घातलं, आन मी वाकून उठले तसं लगेच सगळं परत काढून घेतलं. "भरली ती भरली. विमानात नको, धरतील तुला." सासूबाई म्हनल्या, "अशी ओटी म्या जन्मात न्हाई बगितली." मंग दारातून काकू म्हनल्या, "तुझी एखादी जुनी लाल ओढणी असंल तर ठेवून जा."

"कशाला?"

"पुसायला लागती."

मी घाईत पेटीतून काढून दिली. लग्नाच्या वेळची, टिकल्या गेलेली.

आता मी इथं हाय, मॉरिशसला. इमानात कान दडपले तवा आरूला पाजलं. साहेबानं इचारलं त्यातलं अर्धं मला कळलं न्हाई, पन काकूंनी इचारलं होतं त्याच क्रमानं इचारलं म्हनून मी उत्तरं दिली. ऊस हाय, दगडाचे ढीग हायेत. मी आले तवा गुलमोहर होता, थोडा उरलेला. पहिल्याच दिवशी मी आरूला घेऊन खाली उतरले आन समोर जो दिसला त्याला बोंझूर म्हनले, आवाज चिरका निघाला, पन निघाला. तो मानूस कचरा घ्यायला आलेला. तो बी बोंझूर म्हनला. दालपुरी मी गरम खाल्ली, उभ्यानं, आन काकूंना फोन करून सांगितलं. एक दिवस आरू तापानं फनफनली. हे कामावर. मी एकटी बसमधून दवाखान्यात गेले, आन डागदर बाईपुढं एवढं जोरात मो बाबा मलाद म्हनले, की बाहेर बसलेली मानसं आत बगायला लागली. बाईनं मला आधी पानी दिलं, मंग आरूला बगितलं.

मंजूताई एकदा येऊन गेल्या, घाईत. हसून म्हनल्या, "आई अजून सगळ्यांना बोंझूर करती का?" मी हो म्हनले. बावट्याचं बोलले न्हाई. शब्द दिला होता.

काल आमच्याजवळच्या पोलीस चौकीवर लाल बावटा लागला. एकच. वादळ लांब हाय, नुसतं ध्यान ठेवा. मी सासूबाईला फोन लावला.

"हाय मालूम," सासूबाई म्हनल्या. "काकूनं सकाळीच लावलेत. दोन."

"दोन न्हाई, एक नंबर हाय इथं."

"मी बी तेच म्हनले तिला, मोबाईलवर तर एकच दाखवायलंय. ऐकत न्हाई. एक तो बारका जरीचा, आन दुसरी तुझी ओढनी हाय."

मी म्हनलं, मला फोटो काढून पाठवा. सासूबाईला फोटो नीट काढता येत न्हाई, त्यात निम्मा त्यांचा अंगठा आला. पन दोन्ही दिसायलेत. बोरीचं पांढरं ऊन, बांबू, तो परकर, ती ओढनी.

काकूंनी सांगू नको म्हनलं होतं. मी काही सांगितलं न्हाई. नुसता फोटो मंजूताईला पाठवला.

मंग बादल्या भरल्या, मेनबत्त्या काढून ठेवल्या, आन म्हनलं काकूंना सांगावं, पानी भरलंय. फोन लावला. पहिल्यांदाच काकूंचा फोन एंगेज लागला. आरूला खाऊ घातलं, परत लावला. एंगेज. भांडे घासले, लावला. एंगेजच. तवा मी फोन ठेवला आन खिडक्या लावून घ्यायला उठले.